गोव्याला तीस वर्षांची वही हवी आहे

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री, आरोग्य सेवा संचालक आणि गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता,
गोवा राज्य.

सविनय नमस्कार.

मी डिचोली तालुक्यातली. सव्वीस वर्षे घरोघरी जाऊन माणसांची उंची, वजन, रक्तदाब आणि त्यांच्या संसाराची माहिती टिपायचे काम केले. शेवटची काही वर्षे तीच माहिती संगणकावर तपासायचे. मी डॉक्टर नाही, प्राध्यापकही नाही. पण एकदा भेटलेल्या माणसाला आठ-दहा वर्षांनी पुन्हा शोधून काढायचे म्हणजे काय करावे लागते, ते मला ठाऊक आहे. तेवढ्याच अधिकाराने हे लिहिते आहे.

मागणी एकच आहे. गोव्यातल्या काही हजार माणसांचा एक गट नीट विचार करून निवडा आणि पुढची तीस वर्षे त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जा. शास्त्रात याला कोहोर्ट अभ्यास म्हणतात. आम्ही कामावरच्या बायका नुसते 'फॉलोअप' म्हणायचो.

२०२३ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह अभ्यासाचे आकडे प्रसिद्ध झाले. देशात ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आणि गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे सगळ्या राज्यांत पहिला क्रमांक. वर्तमानपत्रांत मथळे आले, भाषणांत आकडा आला, शिबिरे भरली. पण हा आकडा आपल्याला नक्की काय सांगतो? विहिरीत आज पाणी किती आहे, एवढेच. झरे किती जोराचे आहेत आणि उपसा किती आहे, हे पाण्याच्या पातळीवरून कळत नाही. मधुमेही जास्त दिसतात ते दर वर्षी नवे रुग्ण जास्त होतात म्हणून, की आपल्याकडे निदान आणि औषधे बऱ्यापैकी मिळत असल्याने रुग्ण जास्त वर्षे जगतात म्हणून, की आपली लोकसंख्याच वयस्कर आहे म्हणून? पहिले कारण खरे असेल तर पैसा शाळेत आणि स्वयंपाकघरात खर्च करायला हवा. दुसरे खरे असेल तर डोळे, पाय आणि मूत्रपिंडे सांभाळण्यावर. एका दिवसाच्या सर्वेक्षणातून यातला फरक कधीच कळणार नाही. त्यासाठी ज्यांना आज मधुमेह नाही अशी माणसे निवडून, त्यांतल्या कोणाला कधी होतो आणि त्याआधी काय काय घडले होते, हे पाहत बसावे लागते.

काणकोण तालुक्याचे तर याहून अवघड आहे. तिथे मूत्रपिंडाच्या आजाराचे असे रुग्ण वर्षानुवर्षे सापडत आहेत, ज्यांच्या आजाराचे खापर मधुमेहावर किंवा रक्तदाबावर फोडता येत नाही. भूजलातल्या सिलिकाकडे आणि शिशाकडे बोट दाखवणारे संशोधन प्रसिद्ध झालेले आहे. त्या संशोधकांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण आजारी माणसाच्या रक्तात शिसे जास्त सापडले, तर ते शिशाने मूत्रपिंड बिघडले म्हणून, की बिघडलेल्या मूत्रपिंडाला शिसे बाहेर टाकता येत नाही म्हणून? आधी काय आणि नंतर काय, हे आजारी पडल्यावर घेतलेल्या रक्तातून सांगता येत नाही. माणूस निरोगी असताना घेतलेले, तारीख घालून थंडीत जपून ठेवलेले रक्त लागते. आंध्रातल्या उद्दानम भागात आणि श्रीलंकेतही हाच आजार आहे आणि तिथेही प्रश्न याच जागी अडून बसला आहे.

आणि खाण. हे लिहिताना मला वाईट वाटते, कारण ते माझ्या गावाचे आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मग २०१५ च्या सुमारास काही सुरू झाल्या, फेब्रुवारी २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. ट्रकांच्या रांगा, लाल धूळ, घराच्या कौलांवर आणि फणसाच्या पानांवर बसलेला तो थर आम्ही पाहिला, आणि एका दिवसात सगळे थांबलेलेही पाहिले. सोबत लोकांचे उत्पन्नही थांबले. धूळ गेल्याने मुलांची छाती सुधारली का? पगार गेल्याने घरातल्या पुरुषांचे पिणे वाढले का, बायकांची झोप उडाली का? एखाद्या संशोधकाला मागूनही मिळणार नाही अशी ही संधी होती. २०१० साली डिचोली, सत्तरी, सांगे इथल्या दोन-तीन हजार माणसांची नोंद हातात असती, तर आज उत्तर असते. ती नव्हती. आता कोणाला विचारले तर जो तो आपापल्या बाजूचे सांगतो, आणि खोटे बोलतो असेही म्हणता येत नाही, कारण आठवणीला बाजू असतेच.

अशी वही लिहिणारे लोक जगात आहेत. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम या गावात १९४८ साली ५,२०९ स्त्री-पुरुषांना घेऊन काम सुरू झाले. दर दोन वर्षांनी तपासणी. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध आज आपल्या आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लिहिलेला असतो, तो बराचसा त्या गावकऱ्यांच्या चिकाटीतून आला. १९७१ मध्ये त्यांची मुले घेतली, २००२ मध्ये नातवंडे. मध्ये वीस वर्षे झाली तेव्हा 'आता पुरे' म्हणून सरकारी पैसा आटायची वेळ आली होती. संशोधकांनी खासगी देणग्या गोळा करून काम जिवंत ठेवले. ब्रिटनमध्ये मार्च १९४६ च्या एका आठवड्यात जन्मलेल्या बाळांतून ५,३६२ जण निवडले, ते आज ऐंशीच्या घरात आहेत आणि अजूनही त्यांची विचारपूस होते.

पण मला जवळचे वाटते ते पुण्याचे काम. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, बायका गरोदर राहण्याआधीपासून त्यांची नोंद ठेवायला सुरुवात केली. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळे हडकुळी, पण त्या हडकुळ्या देहातही चरबी मात्र तुलनेने टिकून होती. सहा वर्षांनी दिसले की ज्या आईच्या रक्तात गरोदरपणी बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे दुसरे जीवनसत्त्व जास्त होते, तिच्या मुलात इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वात अधिक होती. मग २०१२ पासून त्याच मुलांना, किशोरवयातच, बी-१२ देऊन पाहण्याचा प्रयोग सुरू झाला. आधी वर्षानुवर्षे पाहणे, त्यातून शंका आणि मग प्रयोग, असा तो क्रम आहे. ती मुले आता तिशीची झाली आणि त्यांतली बहुतेक सगळी अजून अभ्यासात आहेत. शेतावर राबणारी, मराठी बोलणारी, आपल्यासारखीच माणसे आहेत ती. त्यांना जमले ते आपल्याला का जमू नये?

आपल्याकडे काहीच झाले नाही, असेही नाही. म्हापशाच्या आझिलो इस्पितळात आलेल्या गरोदर स्त्रियांना बाळंतपणानंतर पुन्हा भेटून केलेल्या अभ्यासात सुमारे २३ टक्के मातांना नैराश्य असल्याचे दिसले. तो अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. हळदोणा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्षेत्रातल्या अडीच हजारांच्या आसपास स्त्रियांचा पाठपुरावा झाला. २००६ ते २००८ मध्ये भेटलेल्या पुरुषांना सहा वर्षांनी गाठून दारूच्या सवयीचे काय झाले ते पाहिले गेले, आणि पाचांतले जवळजवळ चार सापडले. गोव्यात लोक दार उघडतात, हे या कामांनी दाखवून दिले आहे. कमी पडते ते सातत्य. प्रकल्प तीन वर्षांचा, फार तर पाच. माणूस सत्तर वर्षे जगतो.

आता, करायचे तर कसे, याबद्दल मला जे महत्त्वाचे वाटते ते सांगते. सगळे सांगत नाही. नमुना-निवड आणि गणित जाणणारी माणसे गोव्यात आहेत.

जाहिरात देऊन 'या आणि नाव नोंदवा' असे करू नका. स्वतःहून येणारा माणूस बहुधा आरोग्याला जपणारा, शिकलेला, सवड असलेला असतो. ब्रिटनच्या 'बायोबँक' या आरोग्य-अभ्यासात पाच लाख माणसे आहेत, पण बोलावलेल्यांपैकी जेमतेम साडेपाच टक्केच आली होती, आणि ती बाकीच्यांपेक्षा निरोगी निघाली. आपण वाडे निवडावेत, वाड्यातली घरे निवडावीत आणि निवडलेल्या घराचा पिच्छा सोडू नये. घर बंद असेल तर पुन्हा जावे. आमच्या वेळी 'घर बंद' लिहिण्याआधी तीनदा जायचे, तेही वेगवेगळ्या वेळी, असा नियम होता. तिसऱ्या खेपेला संध्याकाळी सातनंतर गेले की दार उघडायचे, कारण दिवसभर घरातली सगळी माणसे कामावर असायची. ती तिसरी खेप गाळली असती तर आमच्या नोंदीत नोकरदार आणि मजूर कमी आणि म्हातारी माणसे जास्त झाली असती.

किती माणसे घ्यायची? समजा सहा हजार प्रौढ घेतले. गोव्याच्या आकड्याप्रमाणे त्यांतले सोळाशेच्या आसपास आधीच मधुमेही निघतील. नवा मधुमेह मोजताना त्यांना बाजूला ठेवावे लागते. उरले चौवेचाळीसशे. वर्षाला हजारी वीस जणांना नव्याने होतो असे धरले तर दहा वर्षांत साधारण आठशे रुग्ण मिळतील. त्यावर काम करता येते. पण मूत्रपिंड निकामी होण्यासारखी गोष्ट वर्षाला हजारी एकाला होत असेल, तर दहा वर्षांत सगळे मिळून साठ. ते साठ जण पुरुष आणि स्त्रिया, विहिरीचे पाणी पिणारे आणि नळाचे पिणारे, असे वाटले की एकेका खणात पंधराच्या आसपास माणसे उरतात आणि त्यावरून काहीही बोलणे धाडसाचे ठरते. म्हणून काणकोणचे उत्तर हवे असेल तर काणकोणातून मुद्दाम जास्त माणसे घ्या आणि राज्याचे आकडे काढताना हिशेबात त्यांचा भार तेवढा कमी धरा. हा निर्णय पहिल्या दिवशी घ्यावा लागतो. दहा वर्षांनी सुचून उपयोग नाही.

गोव्यात सर्वात मोठा धोका आहे गळतीचा. आपली माणसे जातात. तारवटी जहाजावर जातो, मुलगा आखातात, कोणी पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला. आणि जाणारे असेतसे कोणीही नसतात. बहुधा तरुण आणि धडधाकट तेच जातात. मागे राहिलेल्यांवरून हिशेब केला तर गोवा आहे त्यापेक्षा आजारी दिसेल. उलट, जो दारूने खंगला तो दुसऱ्या फेरीला भेटत नाही, तेव्हा गोवा आहे त्यापेक्षा निरोगी दिसेल. दोन्ही चुका एकमेकींना कापून टाकतील असे समजू नये. पहिल्या भेटीत प्रत्येकाची इतकी माहिती घ्यावी, की नंतर कोण गळला आणि कोणत्या प्रकारचा माणूस गळतो हे सांगता यावे. मग सांख्यिकीत त्यासाठी भार देण्याच्या पद्धती आहेत. पण मुळात माणूस न गळणे हेच उत्तम. त्यासाठी चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आहे. चवथीला मुंबईचा मुलगा येतो, माहेरवाशीण येते. ख्रिस्ती घरांत नाताळ आहे, गावचे फेस्त आहे. भेट तेव्हाच ठरवावी. फक्त वजन चवथीच्या आठवड्यात घेऊ नये, आणि घेतलेच तर दर फेरीला त्याच आठवड्यात घ्यावे, नाहीतर नेवऱ्या-मोदकांचे वजन आपण आजार म्हणून मोजू. मधुमेहासाठी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी घेतली तर ती अडचण बरीच कमी होते.

नावांचा घोळ तर बाहेरून आलेल्या संशोधकाला कधीच कळणार नाही. आपल्याकडे लग्नात मुलीचे आडनाव बदलतेच, कित्येक घरांत नावही बदलते. जुन्या कागदावर पोर्तुगीज वळणाचे स्पेलिंग, नव्यावर इंग्रजी. शेट कुठे एक्सने सुरू होतो, कुठे एसने. नाव बदलण्यासाठी १९९० चा स्वतंत्र कायदा आहे आणि तो वापरणारे पुष्कळ आहेत. त्यामुळे अभ्यासातली नोंद आणि बांबोळीच्या, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या, इस्पितळातली नोंद संगणकाने जुळवायला गेलात, तर एकच बाई दोन बायका होईल आणि दोन चुलत भाऊ एक होतील. आईचे नाव, जन्मगाव आणि पंचायतीचा घर क्रमांक या तिन्ही गोष्टी पहिल्या दिवसापासून घ्या. गोवा लहान आहे, मोठ्या आजाराला बहुतेक लोक शेवटी बांबोळीलाच जातात, आणि मृत्यूचे कारण डॉक्टरने लिहून देण्याच्या बाबतीत आपले राज्य देशात वरच्या रांगेत आहे. हे दान फार थोड्या राज्यांना मिळाले आहे. जुळवणी नीट केली, तर घरी न जाताही अर्धी माहिती मिळेल.

मोजण्याबद्दल एकच उदाहरण देते. आमच्या एका सहकारिणीचे सगळे रक्तदाब शून्यावर संपायचे: १३०/८०, १२०/८०, १४०/९०. ती फसवत नव्हती; पाऱ्याच्या यंत्रावर डोळा आपोआप जवळच्या मोठ्या रेघेवर जातो. पुढे डिजिटल यंत्रे आली आणि एका फेरीत सगळ्यांचा रक्तदाब बदलल्यासारखा दिसला. बदलले होते यंत्र. यंत्र बदलायचे असेल तर काही महिने जुने आणि नवे दोन्ही एकाच माणसाला लावून पाहावे, नाहीतर तीस वर्षांच्या रेषेत एक खोटी पायरी उभी राहते. आणि एकदाच मोजू नये. तीनदा मोजून पहिले वाचन सोडावे. अनोळखी बाई दंडाला पट्टा बांधते तेव्हा कोणाचाही दाब चढतो.

आता मला जे सर्वात जास्त सलते ते सांगते.

मी एका प्रकल्पावर होते. संस्थेचे नाव घेत नाही. पैसा संपला, कामावरच्या आम्ही सगळ्या एका महिन्यात घरी बसलो. वह्या तळमजल्यावरच्या लोखंडी कपाटात गेल्या. दोन पावसाळे गेले. मी एकदा सहज म्हणून गेले आणि कपाट उघडायला लावले, तर खालच्या दोन कप्प्यांत वाळवी आणि वरच्यात बुरशी. त्यांत ती वही होती, जिच्यात कोणता क्रमांक कोणत्या माणसाचा हे लिहिलेले असायचे. गुप्ततेसाठी ती संगणकात ठेवायची नाही, असा नियम होता. तिची दुसरी प्रत करून दुसऱ्या जागी ठेवायला कोणाला सांगितलेच नव्हते. माहिती संगणकात आजही असेल. १०४७ क्रमांकाच्या बाईचे वजन, साखर, मुलांची संख्या, सगळे. पण ती बाई कोण, कुठल्या वाड्यावरची, हे आता कोणालाच माहीत नाही. म्हणून सांगते, शीतकपाटे आणि यंत्रे घेण्याआधी ही वही सांभाळणारा माणूस नेमा, कायमच्या पगारावर. त्याच्या निवृत्तीआधी दोन वर्षे त्याच्या हाताखाली दुसरा नेमा. आणि दर दोन वर्षांची फेरी ही योजना म्हणून न लिहिता राज्याच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली लिहा, म्हणजे मंत्री बदलले तरी ती बदलणार नाही.

याच प्रकल्पात जानेवारी महिन्यात मी सत्तरीतल्या एका घरी दुसऱ्या फेरीला गेले होते. अंगणात सुपारी वाळत घातलेली. घरच्या बाईने मला ओळखले, बसायला दिले, पाणी दिले आणि विचारले, "फाटले खेपे रगत व्हेल्लें न्हय गे बाय, ताचें कितें जालें?" (मागच्या खेपेला रक्त नेलेस ना गं बाई, त्याचे काय झाले?) माझ्याकडे उत्तर नव्हते. तिच्या रक्ताचा निकाल तिला द्यायचा, असे कोणी ठरवलेच नव्हते. तरी तिने हात पुढे केला. त्या हाताची शीर सापडायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ मी तिच्या तोंडाकडे पाहू शकले नाही.

त्यामुळे संमतीच्या कागदावर फक्त अंगठा किंवा सही नको. काय मोजणार, ते किती वर्षे ठेवणार, कोणाला दाखवणार, हे कोकणीत आणि मराठीत सांगा. निकाल पंधरा दिवसांत घरी पोचवा आणि साखर जास्त निघाली तर कोणत्या केंद्रात कोणत्या वारी जायचे, ते लिहून द्या. मूल अठरा वर्षांचे झाले की त्याला नव्याने विचारा. आईने दिलेला होकार त्याला जन्मभर बांधत नाही. आणि दर वर्षी प्रत्येक वाड्यावर एक बैठक घ्या, तिथे जमलेल्यांना सांगा की तुमच्यामुळे आम्हाला हे कळले. माणसे त्यासाठी थांबतात. पैशासाठी थांबत नाहीत, हे मी पाहिले आहे.

विश्लेषण कसे करायचे हे पहिल्या फेरीआधी लिहून जाहीर करा. तीस वर्षांत हजारो रकाने भरतील, आणि हजार रकान्यांतून शोधत गेले तर काही ना काही संबंध दिसतोच. मरण पावलेल्यांना हिशेबातून नुसते वगळू नका. जो हृदयविकाराने गेला त्याचे मूत्रपिंड पुढे निकामी झाले असते का, हे कोणालाच कळणार नाही, आणि ते कळत नाही हे गणितात मांडावे लागते. राहून गेलेल्या नोंदी सरासरीने भरू नका. आणि माहिती बंद ठेवू नका. नावे काढून, नियम घालून, गोवा विद्यापीठातल्या मुलांना ती वापरू द्या.

सुरुवातीला एकच तालुका घ्या. मी काणकोण म्हणेन. हजार माणसे, दोन वर्षे, तेवढ्यात दुसऱ्या फेरीला किती जण सापडतात ते कळेल. दहात नऊ सापडले तर पुढे जा.

पहिल्या तुकडीतल्या मुलींना घर कसे शोधायचे, दार वाजवल्यावर पहिले वाक्य काय बोलायचे आणि 'घर बंद' कधी लिहायचे, हे शिकवायला मी येईन. मानधन नको. डिचोलीहून पणजीला सकाळी बस आहे, पुढे काणकोणपर्यंतही पोचता येते. बोलावणे पावसाळ्याआधी आले तर बरे, कारण गुडघे आता पावसात साथ देत नाहीत.

आपली,
एक निवृत्त क्षेत्र-पर्यवेक्षिका,
डिचोली, गोवा